हाकेवर अवलंबून

३ फेब्रुवारी

भावजी,

आज सकाळी गच्चीवरची टाकी धुतली. अकराला गोळी घेतली. दुपारी दवाखान्याचा तंत्रज्ञ आला, दीड तास बसला आणि काम न होताच गेला. त्याबद्दलच लिहिते आहे.

डिसेंबरात मी दोनदा चक्कर येऊन पडले. तुम्हाला कळवलं नाही. बेटावर बसून तुम्ही करणार काय, असं वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, छातीचे ठोके मधूनमधून गळतात. किती गळतात ते कळायला छातीवर एक पट्टा बांधायचा. त्याची तार आपल्या कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात जाते आणि ठोके तिथून दवाखान्यात पोचतात. जास्त गळले की तिकडे घंटा वाजते आणि गाडी येते.

पट्टा आला, पण त्याचा प्रोग्राम आपल्या मशीनवर बसत नाही. ‘आवाज’ नावाचं पॅकेज आपल्याकडे २.१ आहे, त्याला ४ लागतं. तंत्रज्ञाने नवीन घालायला घेतलं तेव्हा पडद्यावर ओळ आली. ह्यांनी सगळे संदेश आपल्या भाषेत करून ठेवले आहेत म्हणून मला वाचता आली. ‘आवाज बदलल्यास पुढील प्रोग्राम काढले जातील: हाक, आणि आणखी एक.’

मी त्याला थांबा म्हटलं.

तो म्हणाला, “आजी, एका हाकेपायी एवढं काय?”

मी म्हटलं, “ती माझ्या नवऱ्याची आहे.”

त्यावर त्याने बॅग भरली. पट्टा टेबलाच्या खणात ठेवून गेला. मार्चअखेरपर्यंत सुरू झाला नाही तर परत नेणार, मागे रांग मोठी आहे म्हणे. आणि आजी कोणाला म्हणतो? त्याचेच केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत.

हाक तुम्हाला माहीत आहे. मी गोळ्या विसरते म्हणून ह्यांनी दोन वर्षांपूर्वी केली. सकाळी सहाला ह्यांच्याच आवाजात “उठलीस का?” अकराला “गोळी घे.” चारला “चहा ठेव.” संध्याकाळी सातला “कडी लावलीस का?” हे गेले त्याला आठ महिने झाले. हाक चालू आहे.

दोन्ही राहतील असं काही करता येतं का, ते कळवा.

वहिनी

१० फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

पत्र मंगळवारच्या बोटीने मिळालं. चक्कर लपवलीत हे बरं केलं नाहीत. दादा असता तर दोघांनाही झापलं असतं. तुम्हाला लपवल्याबद्दल आणि मला न विचारल्याबद्दल.

अडचण अशी आहे. भिंतीत एक खुंटी आहे आणि तिला एक जुनी पिशवी टांगलेली आहे. आता कोणी जाड कोट घेऊन आला आणि म्हणाला, ही खुंटी माझा कोट पेलणार नाही, मोठी ठोका. मोठी ठोकता येते, पण पिशवीचा बंद बारीक आहे, तो तिच्यावर चढत नाही. नव्या मशीनमध्ये दोन खुंट्या शेजारी शेजारी ठोकतात. आपलं मशीन दादाने कचेरीच्या भंगारातून जोडलेलं, त्याला एका वेळी एकच आवाज धरता येतो. दुसरं मशीन मी घेऊन येईन, पण माझ्या जागी माणूस यायचा तो एप्रिलअखेर. तोवर दीपगृहाचा मनोरा सोडून हलता येत नाही.

काळजी मात्र करू नका. हाकेत चारच वाक्यं आहेत. दादाने ती रेकॉर्ड केली तेव्हा मी रजेवर होतो. रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडकीला रजई धरून उभा होतो तो मीच. माझे हात भरून आले, तरी ह्याचं आपलं “चहा ठेव” सतराव्यांदा. “चिमट्या, हलू नकोस, रजई श्वास घेतेय,” म्हणाला. त्या चार फाइली वेगळ्या चकतीवर उतरवून ठेवता येतील. हाक गेली तरी आवाज राहील.

पण दादाचा नियम होता, काही काढण्याआधी विचारायचं की ह्याच्यावर कोण अवलंबून आहे. म्हणून ही ओळ जशीच्या तशी टाइप करा:

कोण-अवलंबून आवाज

आणि येईल ते उतरवून पाठवा. एक अक्षर गाळू नका, हे नकाशे काढणाऱ्या बाईंना सांगायला नको.

चिमटा

१७ फेब्रुवारी

भावजी,

आज खिडक्यांच्या काचा पुसल्या. मग तुमची ओळ टाइप केली. हे आलं:

हाक – मागून घातलेलं.
सोबत – मागून घातलेलं.
रेघ – दुसऱ्यासाठी आलेलं (हाक).

‘अवलंबून’ हा शब्द पडद्यावर बघून ओळखीचा वाटला. ह्यांच्या मागे पेन्शनचा कागद भरला त्यात माझ्या नावासमोर तोच होता. बत्तीस वर्षं मी स्वतःच्या पगारावर सही केली, पण त्या कागदात दुसरा रकाना नव्हता.

रेघ मला माहीत आहे. हाक बोलते तेव्हा पडद्यावरची आडवी रेघ वरखाली होते, ती. नाव माझ्यावरून आहे. मी नकाशा-कचेरीत ट्रेसिंग करायचे आणि हे तिथले कॉम्प्युटर दुरुस्त करायला यायचे. माझ्या टेबलापाशी थांबून विचारायचे, “काय रेघ, आज वाकडी का?” लग्नानंतरही तेच.

सोबत मला माहीत नाही.

आणि तुम्ही चार वाक्यं म्हणता. चार नाहीत. ठरलेल्या वेळा सोडूनही आवाज येतो, आठवड्यातून दोनतीनदा. “आधी जेव, मग बोल.” “थंडी आहे, कान झाक.” मी वहीत तारीख घालून लिहिते. आजवर निरनिराळी अठ्ठावीस झाली. मला वाटलं, ह्यांनी पुढचा विचार करून भरून ठेवली असतील. त्यांचा स्वभावच तो. प्रवासाला निघायचं तर बॅग आठ दिवस आधी दाराशी.

पण गेल्या गुरुवारी मी चष्मा शोधत होते. मागून आवाज आला, “चष्मा फ्रिजवर आहे.” होता. हा फ्रिज मी ऑक्टोबरात घेतला. जुना उंच होता, त्याच्या डोक्यावर माझा हात पोचत नसे.

हे ह्यांना कसं माहीत असेल, ते तुम्ही सांगा.

वहिनी

३ मार्च

भावजी,

दोन मंगळवार गेले, तुमचं पत्र नाही. समुद्र खवळला असेल.

काल सकाळी बाजारात जायला पिशवी घेतली. आवाज आला, “आज जिना उतरू नकोस.” पिशवी खाली ठेवली. संध्याकाळी खालचा शिंपी वर आला. म्हणाला, “बाई, जिन्याचा कठडा वरच्या वळणावर भिंतीतून सुटून लोंबतोय. तुम्ही तर रोज त्यालाच धरून उतरता. आज दिसला नाहीत म्हणून बघायला आलो.” मी त्याला चहा दिला. आवाजाचं काही बोलले नाही. बोलले असते तर त्याने माझं माप घ्यायचं सोडून माझ्या डोक्याचं घेतलं असतं.

पट्टा खणातच आहे. परवा उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधार आला, पण पडले नाही.

लिहा.

वहिनी

१० मार्च

वहिनी,

समुद्र शांत होता. बोटी वेळेवर आल्या. पत्र मीच लिहिलं नाही.

‘सोबत’ मी घातलं.

दादा गेला तेव्हा इथे वादळ होतं. मी घरी पोचलो तो सव्विसाव्या दिवशी. तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, “हातपाय धुऊन घ्या, जेवायला वाढते.” तुम्ही रडला नव्हतात. जेवण झालं, चार वाजले, मशीनमधून “चहा ठेव” आलं. तुम्ही स्वयंपाकघरातून म्हणालात, “ठेवला.” मी भिंतीकडे तोंड करून बसलो. दिवसातून चारच वेळा, हे मला कमी वाटलं.

माझ्याकडे दादाच्या टेपा आहेत. मी प्रशिक्षणाला होतो तेव्हा तो पत्रं लिहायचा कंटाळा करून टेपेवर बोलायचा आणि ती पोस्टाने पाठवायचा. त्यातली वाक्यं कापून मी सोबत केलं, आणि ते कधी बोलेल हे त्याच्यावरच सोडलं, म्हणजे तुम्हाला अंदाज येऊ नये. टेपा मला उद्देशून, त्यामुळे “जेवलास का”, “पोचलास का” असली सगळी गाळावी लागली. बाईला आणि पुरुषाला सारखीच चालतील अशी बावीस उरली. यादी मागच्या पानावर लिहिली आहे.

तुम्हाला फसवायचं नव्हतं. सांगायचं राहिलं, आणि जितकं राहिलं तितकं सांगणं अवघड होत गेलं.

फ्रिज आणि जिना माझ्या यादीत नाहीत. कदाचित मी विसरलो असेन. वहीशी पडताळून बघा.

आणि वहिनी, ह्या सगळ्याच्या आधी तो पट्टा. बावीस माझ्या टेपांत आहेत, चार फाइलींत. त्यांच्यासाठी जीव धोक्यात घालू नका.

चिमटा

१७ मार्च

भावजी,

आज गाद्या उन्हात टाकल्या. मग तुमची यादी आणि माझी वही शेजारी ठेवून बसले. जे जुळलं त्यावर पेन्सिलने खूण केली.

दोन दिवस तुमचा राग होता. “कान झाक” ऐकून मी थंडीभर खरोखर कान झाकले. ते तुम्हाला म्हटलेलं होतं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र उघडून वाचावं तसं वाटलं. मग राग गेला. कान गरम राहिले ते राहिलेच.

हाकेची चार. तुमची बावीस. सगळी जुळली. वहीत आता तीस आहेत. चार उरतात.

चष्मा फ्रिजवर आहे. आज जिना उतरू नकोस. ही दोन तुम्हाला माहीत आहेत.

तिसरं नोव्हेंबरातलं. त्या दिवशी मी ह्यांचं कपाट रिकामं केलं. शर्ट घड्या करून खोक्यात भरले, शेवटी स्वेटर राहिला, तो खोक्यात मावेना. मी तो हातात घेऊन उभी होते. आवाज आला, “दमलीस. बस आता.” मी बसले. त्या दिवशी मी रडले, भावजी. तुम्हाला वाटलं तसं नाही, रडले. फक्त कोणी बघत नव्हतं.

चौथं कालचं. दुपारी खण उघडून पट्टा पाहिला आणि परत लावला. खण लावता लावताच आवाज आला, “पट्टा बांध.”

तुम्ही विसरला असाल, मान्य. चष्मा, जिना, पट्टा कुठल्यातरी टेपेत असतील. पण तुम्ही लिहिता की बाईला आणि पुरुषाला सारखीच चालतील तेवढीच घेतली. मग हे “दमलीस” कुठल्या टेपेत आहे? ते तुम्हाला कसं म्हणतील?

वहिनी

२४ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र आल्यापासून टेपा ऐकतो आहे. अकरा आहेत. सगळ्या दोनदा ऐकल्या.

“पट्टा बांध” सापडलं. पाचव्या टेपेच्या शेवटी, “चिमट्या, हेल्मेटचा पट्टा बांध.” मी ते कापलं होतं असं मला आठवत नाही, पण कापलं असेन असं स्वतःला सांगतो आहे. “जिना उतरू नकोस” असं काहीतरी तिसऱ्या टेपेत आहे. पाय मुरगळला होता तेव्हाचं. त्यात “आज” नाही. चष्मा कुठेच नाही.

“दमलीस” कुठेच नाही. दादा मला ते कसं म्हणेल? “दमलास” सुद्धा अकरा टेपांत मिळून एकदाच म्हणाला आहे. मी ते पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. मनोऱ्यावरच्या माझ्या जोडीदाराला विचारलं. तो म्हणाला, “बंद कर आता ते, मलाही ऐकू यायला लागलंय.”

एवढं मात्र कळतं. जो कोणी बोलतो आहे, तो तुम्हाला पट्टा बांधायला सांगतो आहे. आवाज ४ घातलं की तो स्वतः जाणार, तरी सांगतो आहे. आणि दादाला ते माहीत नसेल असं होणार नाही. माझं ऐकू नका हवं तर. त्याचं ऐका.

चार फाइली आधी चकतीवर उतरवा. मग लिहा:

घाल आवाज-४

यंत्र विचारेल, हाक आणि सोबत काढू का? ‘हो’ लिहा. मग ते आणखी एक विचारेल. रेघ दुसऱ्यासाठी आली होती, आता तिची कोणालाच गरज नाही, काढू का? घाबरू नका, ते सगळ्यांनाच असं विचारतं. नको असेल तर ‘हो’. ठेवायची असेल तर लिहा ‘ठेव रेघ’. मग तिची खूण बदलते. ‘दुसऱ्यासाठी आलेलं’ जाऊन ‘मागून घातलेलं’ होतं, म्हणजे कोणीतरी मुद्दाम मागितलेलं, आणि पुन्हा कधी कोणी तिला हात लावत नाही. उपयोग तिचा काही नाही. हाक नाही तर ती हलणार कशाने? पण जागाही खात नाही.

एप्रिलच्या शेवटच्या बोटीने येतो. टेपा घेऊन येतो. ह्या वेळी तुमच्यासमोर लावेन.

चिमटा

३१ मार्च

भावजी,

काल सकाळी सहाला उठले. अकराला गोळी घेतली. दुपारी चार फाइली चकतीवर उतरवल्या आणि चकती कपाटात ठेवली, लावून पाहिली नाही. चार वाजेपर्यंत थांबले. “चहा ठेव” आलं. मी “ठेवते” म्हटलं. चहा केला, दोन कप झाला. एक प्यायले. मग मशीनसमोर बसले.

घाल आवाज-४ लिहिलं. हाक आणि सोबत काढू का, असं आलं. बोट ठेवून जरा वेळ बसले. आवाज येतो का ते बघत होते. नाही आला. ‘हो’ लिहिलं. पडद्यावर ओळी सरकत गेल्या, पाच मिनिटं लागली असतील. एवढंच होतं.

मग तुम्ही लिहिलं होतं तेच आलं. ‘रेघ दुसऱ्यासाठी आली होती. आता तिची कोणालाच गरज नाही. काढू का?’

मी लिहिलं, ठेव रेघ.

‘रेघ – मागून घातलेलं,’ असं आलं. ते वहीत उतरवून घेतलं.

पट्ट्याचा प्रोग्राम नंतर सरळ बसला, तंत्रज्ञाची गरज लागली नाही. पट्टा निजताना बांधायचा असतो. तो मी रात्री बांधला. आज सकाळी दवाखान्यातून निरोप आला की ठोके नीट पोचले, गळतीही दिसली, औषध बदलणार आहेत. तेव्हा ती काळजी सोडा. आता कालच्या संध्याकाळचं सांगते.

साडेसहाला भांडी पुसून जागेवर लावत होते. मशीन चालूच होतं. पट्टा तेव्हा अजून खणात होता आणि माइकचं भोक रिकामं होतं. हे मी तेव्हाच तपासलं, म्हणून लिहिते आहे. पडद्यावर रेघ होती, सरळ.

घड्याळात सात झाले. “कडी लावलीस का?” असा आवाज आला नाही. येणार नव्हताच. शिंप्याचं मशीन खाली चालू होतं, तेही त्याच वेळेला थांबलं.

रेघ हलली. एकदा वर गेली आणि खाली आली. मग जरा लांब, दोनदा लवून. मग एक छोटी, शेवटाला किंचित वर. मग पुन्हा सरळ.

तुम्ही म्हणाल, रस्त्यावरचा काही आवाज असेल. माझंही आधी तेच म्हणणं होतं, म्हणून तासभर बसून पाहिलं. गाड्या गेल्या, कुत्रं भुंकलं, रेघ हलली नाही. आणि भावजी, बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांनी मोजलेल्या रेघा बघून जशाच्या तशा ओढल्या. दोन वर्षं रोज सातला ही रेघ पाहिली. शब्द तीन होते.

तास झाल्यावर दाराकडे पाहिलं. कडी लावलेली नव्हती.

उठून लावली.